पाण्यात ठेवलेलं लाकूड पॉलिश जास्त का पितं?

भुसाभुशीत

मंडळी, लाकूडकाम हा माझा छंद आहे, धंदा नाही, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

स्प्रूसच्या (हे एक सूचिपर्णी झाड) पाच फळ्या आणल्या, एकाच लॉटमधल्या. रंधा मारला, आधी १८० चा मग २४० चा पेपर मारला, सगळ्या बहिणी-बहिणी दिसत होत्या. स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, लावला आणि दहा मिनिटांत माझा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन फळ्या व्यवस्थित, उरलेल्या तिन्हींवर काळपट ढग, म्हणजे मधेच गडद मधेच फिकं, आणि एका फळीच्या कडेला बोटभर रुंद पट्टा असा की ब्रश टेकवला रे टेकवला की स्टेन गायब, परत लावला परत गायब, टीपकागदासारखं. त्या पट्ट्याच्या बाजूचं लाकूड मात्र ढिम्म, वरचा स्टेन पुसून काढावा लागला.

विकणाऱ्याला विचारलं तर आधी म्हणाला तुमचा हात सारखा फिरला नाही. मग खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं की यातले काही ओंडके कापायच्या आधी बरेच महिने तळ्यात बुडवून ठेवलेले होते. पण त्याने काही होत नाही म्हणे, उलट लाकूड चांगलं राहतं.

आता मला एवढंच कळून घ्यायचंय, पाण्यातून काढून, वाळवून, कापून, रंधून झालेल्या लाकडाला आपण कधीकाळी तळ्यात होतो हे आठवतं कसं?

---

गाठाळ

हात सारखा फिरला नाही हेच खरं असणार :) स्प्रूस आणि पाइन मुळातच डाग पाडणारी लाकडं. सीलरचा, म्हणजे लाकडाची भोकं बुजवणाऱ्या द्रवाचा, हात न देता थेट स्टेन मारला की ढग येणारच.

आणि तळ्याला उगाच बदनाम करू नका. ओंडके पाण्यात ठेवणं पूर्वापार चालत आलंय. चिरा पडत नाहीत, भुंगा लागत नाही, बुरशी येत नाही. पाण्यात मुरलेलं लाकूड पुढे वाळताना त्रासही कमी देतं.

---

वाचनमात्र

वाचतेय. "बहिणी-बहिणी" आवडलं.

---

सूक्ष्मजीवी

गाठाळ, तुमचं बुरशीबद्दलचं अगदी बरोबर आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही, खरं तर तिथूनच सुरू होते.

बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते. लाकूड पूर्ण पाण्याने भरलं की आतली हवा जाते, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा साधारण दहा हजार पटीने हळू सरकतो. म्हणून लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची उपासमार होते. बॅक्टेरियाचं तसं नाही. त्यांच्यातले काही थोड्या ऑक्सिजनवर भागवतात, काहींना तो अजिबात नकोच असतो. म्हणजे तळं हे लाकडाचं कोल्ड स्टोरेज वगैरे नाही, एका पाहुण्याला दार बंद आणि दुसऱ्याला सताड उघडं.

आता हे पाहुणे खातात काय ते बघा. ओंडक्याचा बाहेरचा भाग, सालीच्या लगतचा, ज्याला सॅपवुड म्हणतात, त्यात झाड जिवंत असताना रस वाहत असतो आणि काही जिवंत पेशीही असतात. त्या पेशींत स्टार्च, साखर, थोडी प्रथिनं साठवलेली असतात. या पेशींच्या रांगा सालीकडून गाभ्याकडे आडव्या जातात, त्यांना रे म्हणतात. बॅक्टेरिया कापलेल्या टोकातून, साल निघालेल्या जागेतून शिरतात आणि या रांगांमधून आत सरकतात, कारण डबा तिथेच ठेवलेला आहे. डबा संपला की मग दारं खायला लागतात.

दारं म्हणजे काय: स्प्रूस, पाइन यांचं लाकूड मुख्यतः ट्रॅकीड नावाच्या पेशींचं असतं, लांबट नळ्या, २ ते ४ मिमी लांब, दोन्ही टोकं बंद. एका नळीतून दुसरीत पाणी जातं ते बाजूच्या भिंतीतल्या छोट्या खिडक्यांतून, त्यांना पिट म्हणतात. प्रत्येक पिटमधे एक पडदा. पडद्याच्या मधोमध जाड चकती, तिचं नाव टोरस, आणि ती चकती बारीक धाग्यांच्या जाळीवर टांगलेली. कोळ्याच्या जाळ्यात मधोमध बटण अडकलंय अशी कल्पना करा. जाळीतून पाणी जातं, चकतीतून जात नाही.

लाकूड वाळताना पाणी मागे हटतं आणि हटता हटता चकतीला एका बाजूला ओढतं, चकती भोकावर जाऊन घट्ट बसते आणि तिथेच चिकटते. झाकण बंद. स्प्रूसमधे हे फार जोरात होतं, म्हणून वाळलेलं स्प्रूस काही केल्या पॉलिश किंवा कुजू नये म्हणून दिलेलं औषध आत घेत नाही. तुमच्या त्या दोन "शहाण्या" फळ्या आहेत ना, त्यांची झाकणं बंद आहेत.

आणि चकतीत पेक्टिन, म्हणजे पेशींना बांधून ठेवणारा चिकट पदार्थ, भरपूर असतं. तळ्यातल्या बऱ्याच बॅक्टेरियांकडे पेक्टिन विरघळवणारी एन्झाइम्स असतात. ओंडका पाण्यात असतानाच त्यांनी चकती आणि जाळी खाल्ली, तर पुढे लाकूड वाळताना भोकावर बसायला झाकणच शिल्लक नाही. नळ्या एकमेकींना कायमच्या उघड्या. वाळवा, कापा, रंधा, काहीही करा. तुमचा प्रश्न होता आठवतं कसं, तर आठवत वगैरे काही नाही हो, दारं चोरीला गेलीत एवढंच.

---

भुसाभुशीत

बाप रे. हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. पण मग पूर्ण फळीने सारखं का नाही प्यायलं? पट्टा आणि ढग का?

---

तागपाट

सूक्ष्मजीवी, हे तर ताग सडवण्यासारखंच झालं की! तागाच्या काड्या पाण्यात बुडवून ठेवतात, पेक्टिन जातं, धागे मोकळे होतात. फ्लॅक्सचंही (जवसाचंही) तेच.

---

सूक्ष्मजीवी

@तागपाट, अगदी तेच! मंडळीही बरीचशी तीच, बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम घराण्यातली. फरक एवढाच की तागात आपल्याला धागे सुटे व्हायला हवे असतात आणि लाकडात अर्थातच नको असतात. सुदैवाने लाकडाच्या पेशी एकमेकींना जोडणाऱ्या थरात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, भरपूर असतं, त्यावर या मंडळींचं फारसं चालत नाही. पिटच्या चकतीत लिग्निन जवळपास नसतंच, म्हणून दात तिथेच लागतात.

@भुसाभुशीत, पट्टा म्हणजे सॅपवुड. गाभ्यात बॅक्टेरियांना खायला काही नसतं, शिवाय तिथली झाकणं झाड उभं असतानाच बंद झालेली आणि वरून रेझिनसारखे पदार्थ बसलेले. तिथे महिनोन्महिने पाण्यात ठेवूनही विशेष फरक पडत नाही. आता गंमत अशी की पाइनमधे गाभा तांबूस दिसतो, वेगळा ओळखता येतो. स्प्रूसमधे वाळल्यावर गाभा आणि सॅपवुड एकाच रंगाचे. त्यामुळे तुम्हाला सीमा दिसलीच नाही, स्टेनने ती दाखवली. फळीच्या टोकाला वार्षिक वलयांची कमान बघा, पट्टा सालीच्या बाजूला आहे का?

---

भुसाभुशीत

आत्ता उठून बघून आलो. सालीच्या बाजूलाच आहे!! आणि ज्या दोन फळ्या नीट आल्या त्यांची वलयं बघता त्या ओंडक्याच्या मधल्या भागातल्या दिसतायत.

---

गाठाळ

ठीक आहे, पट्ट्याचं मान्य. ढगांचं काय? ढग तर सँडिंगने पण येतात.

---

चिरफळी

मी लाकडाला प्रेशर ट्रीटमेंट देणाऱ्या, म्हणजे दाबाने औषध भरणाऱ्या, प्लँटवर काही वर्षं काम केलंय, तिथला अनुभव सांगतो, शास्त्र सूक्ष्मजीवी बघतील.

ढग बॅक्टेरियाचेच असू शकतात कारण ही मंडळी सैन्यासारखी एका रेषेत पुढे जात नाहीत. जिथे साल निघाली तिथून एक टोळी, कापलेल्या टोकातून दुसरी, मधे साल शाबूत असेल तर तिथे कोणीच नाही. ओंडका अर्धा तरंगत असेल तर वरची बाजू वेगळी खालची वेगळी. आमच्याकडे एका खेपेला पाण्यात राहिलेला माल आला होता, कोणी सांगितलं नव्हतं. सिलिंडरमधे घातला, नेहमीचं प्रेशर, नेहमीचा वेळ, आणि औषध नेहमीपेक्षा कितीतरी जास्त गेलं. बाहेर काढल्यावर माल टपकत होता, दोन दोन दिवस टपकत राहिला. कापून बघितलं तर काही जागी औषध सॅपवुडच्या पार शेवटपर्यंत आणि लगेच बाजूला वीतभर जागेत कोरडं ठणठणीत. बिल औषधाचं वाढलेलं आणि भरवसा काहीच नाही, कारण खांब कुजतो तो कोरड्या राहिलेल्या जागेतूनच, बाकीचा कितीही भिजला असला तरी काय उपयोग.

साहेबाने सगळ्यात आधी प्रेशर गेज बदलला, मग व्हॅक्यूम पंप खोलला. पाण्याचा विषय तिसऱ्या आठवड्यात निघाला.

---

अणुरेणू

@चिरफळी, पण मग स्प्रूससारख्या हट्टी लाकडाला मुद्दाम तळ्यात ठेवून मग औषध का देत नाहीत? फुकटात दारं उघडून मिळतायत.

---

चिरफळी

प्रयत्न झालेत की. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आयर्लंडमधे सिटका स्प्रूसच्या खांबांवर नेमकं हेच करून बघितलं होतं, आधी पाण्यात ठेवायचे मग औषध द्यायचं. औषध आत जातं, त्यात वाद नाही. अडचण बाकीची आहे. हिवाळ्यात थंड पाण्यात काम रेंगाळतं, उन्हाळ्यात भराभर. साचलेल्या पाण्यात एक गत, वाहत्यात दुसरी. आठवडे की महिने ते आधी सांगता येत नाही. एवढा माल तेवढे दिवस अडकवून ठेवायचा म्हणजे पैसा पाण्यात, शब्दशः. शिवाय त्या तळ्याचा वास! ब्युटिरिक ॲसिड वगैरे तयार होतं, खवट लोण्याला उलटीचा वास मारल्यावर जसं येईल तसं. आणि ते पाणी नंतर सोडायचं कुठे, त्यात सालीतले फिनॉल्स, सेंद्रिय घाण, नदीत गेलं तर मासे मरतात. त्यापेक्षा मशीनने लाकडाच्या अंगावर बारीक चिरा पाडणं सोपं, त्याला इन्सायझिंग म्हणतात, एका दिवसात काम होतं.

---

सूक्ष्मजीवी

चिरफळींच्या यादीत भर म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या एम्पा संस्थेने बॅक्टेरियाऐवजी फायसिस्पोरिनस व्हिट्रियस नावाची बुरशी वापरून हेच जमवायचा प्रयत्न केलाय. ती सुरुवातीला पिटचे पडदेच खाते, तेवढ्यात तिला थांबवायचं. थांबवायला उशीर झाला तर ती भिंतींनाही हात घालते, शेवटी बुरशीच ती.

आणि हे सगळं बॅक्टेरियाच करतात हे कशावरून, असं कोणी विचारायच्या आधी सांगते: निर्जंतुक पाण्यात लाकूड ठेवलं तर हा फरक दिसत नाही, त्याच पाण्यात तळ्यातले बॅक्टेरिया सोडले की दिसतो. १९५९ मधे अमेरिकेत एलवुड आणि एकलंड यांनी तळ्यात ठेवलेल्या पाइनच्या ओंडक्यांवरचं काम छापलं, तिथून या विषयाला खरा जोर आला. त्यांना त्यात बॅसिलस पॉलिमिक्सा सापडला होता. नुसतं पाण्याने लाकूड "मुरतं" म्हणून असं होतं ही समजूत तेव्हापासून मागे पडली.

---

गाठाळ

हा टोमणा मला होता हे कळलं बरं का :)

पण माझा मुख्य प्रश्न राहिलाच. दारं खाल्ली, उद्या भिंती खाणार. मग असं लाकूड वजन घेईल का? स्टेनचे ढग परवडले, शेल्फ कोसळलेलं नाही परवडत.

---

सूक्ष्मजीवी

टोमणा नव्हता, अर्धाच होता.

काही महिने पाण्यात राहिलेल्या लाकडाचं वाकण्याचं किंवा दाबाचं बळ फारसं बदलत नाही, कारण वजन पेलतात त्या पेशींच्या भिंती आणि त्या जवळपास जशाच्या तशा असतात. दरवाजा काढला म्हणून घर पडत नाही. बराच जास्त काळ ठेवलं तर अचानक बसणारा धक्का सोसायची ताकद थोडी कमी होऊ शकते. शेल्फला काही होत नाही.

भिंती खाणारे बॅक्टेरिया वेगळे. त्यांना इरोजन बॅक्टेरिया म्हणतात, अगदी नगण्य ऑक्सिजनवरही चालतात, पण काम इतकं संथ की हिशोब दशकांत करायचा. ते पेशी जोडणारा मधला थर सोडून भिंतीतलं सेल्युलोज कुरतडत जातात. ॲमस्टरडॅममधली जुनी घरं लाकडी खांबांवर उभी आहेत, तिथला राजवाडा १३,६५९ खांबांवर आहे असं सांगतात, आणि हे खांब कायम पाण्याखाली असल्यामुळे बुरशीपासून वाचले पण नेदरलँड्समधे बऱ्याच ठिकाणी पायाच्या खांबांचं बाहेरचं लाकूड या बॅक्टेरियांनी मऊ केलंय. त्यातही पाइनचे खांब स्प्रूसपेक्षा जास्त खराब. पाइनचं सॅपवुड रुंद असतं आणि त्यातून पाणी जास्त सहज वाहतं, म्हणजे परत तोच मुद्दा, ज्यातून पाणी जातं त्यातून हेही जातात.

---

बुडीत_खातं

बुडालेल्या जहाजांचा विषय कोणीच काढला नाही म्हणून आलो.

स्वीडनचं वासा जहाज १६२८ मधे पहिल्याच सफरीत बंदरातच बुडालं, १९६१ मधे वर काढलं. ३३३ वर्षं पाण्यात. ओक लाकूड. वाळून आक्रसू नये म्हणून त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पेग, तब्बल १७ वर्षं फवारत होते. पेगचे लहान रेणू धडधाकट लाकडात जातात, मोठे रेणू जात नाहीत. पण बॅक्टेरियांनी बाहेरचा जो थर पोखरला होता त्यात मोठे रेणूही छान मुरले. म्हणजे ज्यांनी लाकूड बिघडवलं त्यांनीच औषधाला वाट करून दिली.

अवांतर: त्याच बंदरातल्या घाण पाण्यात सल्फेट खाणाऱ्या दुसऱ्या बॅक्टेरियांनी हायड्रोजन सल्फाइड केलं, ते लाकडात साठलं, आणि जहाज म्युझियममधे आल्यावर त्याचं हळूहळू सल्फ्युरिक ॲसिड व्हायला लागलं. हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, लिहीन कधीतरी.

---

वाचनमात्र

लिहाच. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

तार_सप्तक

स्ट्रॅडिव्हेरियसच्या व्हायोलिनचं लाकूड पण पाण्यातून आणलेलं होतं म्हणून ते गोड वाजतं असं वाचलं होतं. ते याच कारणाने का?

---

सूक्ष्मजीवी

जोसेफ नॅगीव्हरी या बायोकेमिस्टने पाण्यात भिजलेल्या लाकडाची कल्पना बरीच पुढे नेली होती, नंतर त्याने लाकडावरच्या रासायनिक प्रक्रियेवरही भर दिला. वादाचा विषय आहे, मी त्यात पडत नाही. एवढं खरं की उघड्या पिटचं लाकूड व्हार्निश खोल पितं, आणि व्हायोलिनवाल्यांना ते नकोच असतं, म्हणून ते आधी ग्राउंडचा, म्हणजे लाकूड बंद करणारा, थर देतात.

---

अणुरेणू

पण मग लोक ओंडके पाण्यात ठेवतातच कशाला? एवढा ताप असेल तर कापून वाळवून टाकावेत.

---

चिरफळी

एका रात्रीत जंगल आडवं झालं की काय कापणार आणि कुठे वाळवणार. जानेवारी २००५ मधे गुड्रुन वादळाने दक्षिण स्वीडनमधे साधारण ७.५ कोटी घनमीटर लाकूड पाडलं. सगळ्या आरा गिरण्या रात्रंदिवस चालवल्या तरी संपणार नाही. मग ब्यूहोल्मा इथल्या जुन्या धावपट्टीवर ओंडक्यांची रास रचली, जवळपास १० लाख घनमीटर, आणि त्यावर स्प्रिंकलरने सतत पाणी. अमेरिकेत १९३८ च्या न्यू इंग्लंड चक्रीवादळानंतर तर ओंडके सरळ तळ्यांत लोटले होते. नाही ठेवलं तर एका उन्हाळ्यात निळी बुरशी आणि भुंगे सगळं खातात. त्यापुढे स्टेनचे ढग म्हणजे काहीच नाही. फक्त विकताना सांगा ना बाबा की माल पाण्यातला आहे, एवढंच म्हणणं. आणि स्प्रिंकलरखालचं लाकूड पण यातून सुटत नाही बरं का, त्यातही तेच पाणी गोळा करून परत परत फवारलं तर बॅक्टेरियाही परत परत.

---

गाठाळ

बरं, आता उपाय. फळ्या टाकून द्यायच्या नसतील तर:

पातळ केलेल्या लाखेचा एक हात सगळीकडे द्या, पूर्ण वाळू द्या, ३२० च्या पेपरने हलकेच घासा आणि मग पातळ स्टेनऐवजी जेल स्टेन लावा. जेल आत उतरत नाही, वर बसतो. डाय, म्हणजे पूर्ण विरघळणारा रंग, अजिबात नको, तो सगळ्या गल्ल्या शोधून काढेल. आणि जोड चिकटवताना त्या पट्ट्यावर ग्लू एकदा लावून पाच मिनिटं थांबून परत लावा, नाहीतर ग्लू आत पळून जातो आणि जोड उपाशी राहतो. हे मी तळ्याच्या लाकडासाठी नाही, कापलेल्या टोकांसाठी करत आलोय, पण आता कळलं की ही फळी सगळ्या अंगाने टोकासारखीच वागतेय.

---

भुसाभुशीत

अपडेट.

दोन तुकडे कापले, एक पट्ट्यातला एक गाभ्यातला, सारख्या मापाचे. चारी बाजू इपॉक्सीने बंद केल्या, फक्त दोन्ही टोकं उघडी, आणि रंगीत पाण्यात उभे केले. पट्ट्यातल्या तुकड्यात रंग रात्रीत वरच्या टोकाला पोचला. गाभ्यातला तुकडा दुसऱ्या दिवशी कापून बघितला तर रंग जेमतेम नखाएवढा चढलेला. वलयंही बघितली, पट्ट्यात फिकट रुंद भागानेच रंग जास्त ओढलाय, गडद बारीक रेघा मागे राहिल्यात. उलट असायला हवं होतं ना?

गाठाळकाका, लाखेचा हात दिला. ढग नव्वद टक्के गेले, पट्टा अजून दिसतो पण माहीत असलेल्यालाच.

---

सूक्ष्मजीवी

छान केलंत! साध्या वाळलेल्या स्प्रूसमधे गडद रेघांतून जास्त जातं, बरोबर, कारण तिथले पिटचे पडदे जाड आणि ताठ, सहजासहजी चिकटत नाहीत, आणि फिकट भागातली झाकणं पटापट बंद होतात. तुमच्या पट्ट्यात फिकट भागाची झाकणंच नाहीत आणि पिटही तिथेच जास्त. माझा तरी यावरून बॅक्टेरियावरच संशय पक्का झाला. पण सॅपवुड तसंही गाभ्यापेक्षा जास्त पितं, तेव्हा पाण्यात न राहिलेल्या सॅपवुडचा एक तुकडाही शेजारी उभा करायला हवा होता.

---

भुसाभुशीत

तो नव्हता, म्हणून दुसरं केलंय. उरलेल्यातला एक तुकडा बादलीत तळ्याच्या पाण्यात टाकून गच्चीत ठेवलाय.

---

सूक्ष्मजीवी

अहो, वाळलेला तुकडा टाकलात का? त्याची झाकणं आधीच चिकटलेली आहेत, साखरही बरीच गेलेली. ताज्या कापलेल्या, साल असलेल्या फांदीचा टाका. किती दिवस झाले?

---

भुसाभुशीत

आज अकरावा. लाकूड तसंच आहे. वासाबद्दल चिरफळी म्हणाले ते मात्र शब्द न शब्द खरं आहे, बादली आता गच्चीतसुद्धा चालणार नाही असा निरोप घरातून आलाय.